हिंदोळीचे तीन बार

काडतुसातून रवा निघाला.

मी तो वर्तमानपत्राच्या कागदावर ओतला, बोटानं पसरला, वास घेतला. शेवटी चिमूटभर जिभेवर ठेवला. बंदुकीची दारू चाखून बघायची नसते, हा आमच्या दुकानातला पहिला नियम. पण तो रव्याला लागू नव्हता. बारीक रवा होता, आणि कुणीतरी तो व्यवस्थित भाजलेला होता.

दुसरं काडतूस उघडलं. रवा. तिसरं उघडलं. रवा.

दसऱ्याची सकाळ होती, साडेनऊ वाजले होते. ही तीन काडतुसं मला संध्याकाळी पाचच्या आत हिंदोळीच्या सरकारांच्या हातात द्यायची होती.

दुकान माझ्या मामाचं. गडहिंग्लजच्या बाजारपेठेत 'केरबा लोहार अँड सन्स, बंदूक दुरुस्ती' अशी पाटी. मामाला मुलगा नव्हता. एक मुलगी, ती सांगलीला बँकेत. पण पाटी रंगवणाऱ्याला 'अँड सन्स' लिहायची सवय होती आणि मामाला रंगवलेलं खोडायचा कंटाळा होता. त्या 'सन्स'च्या जागी मी बसलो होतो. वय तेवीस, डिप्लोमात दोनदा नापास, आणि तीन वर्षं मामाच्या हाताखाली. परवान्यावर मात्र अजून माझं नाव नव्हतं. मामानं सांगून ठेवलं होतं, "दिन्या, यंदाची हिंदोळी नीट पार पाड. दसरा झाला की तुझं नाव घालायचा अर्ज करतो."

म्हणजे हे असं होतं बघा. हिंदोळी झाली तर मी बंदुकीचा कारागीर. नाही झाली तर मी दोनदा नापास.

हिंदोळी गावचा रिवाज सोपा आहे. दसऱ्याला सगळा गाव शिवेवरच्या धोंड्यापाशी जमतो. सरकार, म्हणजे श्रीमंत मानसिंगराव, धोंड्यावर चढतात आणि पणजोबांच्या बेल्जियमच्या पिस्तुलातून आभाळात तीन बार काढतात. प्रत्येक बाराला गाव आकडा मोजतो. तिसऱ्या बाराला आपट्याचं सोनं लुटायचं. ज्या साली तीन बार होणार नाहीत, त्या साली हा मान सरकारांच्या घराकडून जाणार तो खालच्या आळीच्या पाटलांकडे. कायमचा. तसं शंभर वर्षांमागं पंचांनी लिहून ठेवलंय. पाटलांकडे पिस्तूल नाही. त्यांच्याकडे डीजे आहे.

आता त्या पिस्तुलाचं काडतूस जगात कुठंच बनत नाही. बनवणारा कारखाना बुडाला, ज्या देशात तो होता त्यानं मधल्या काळात दोन लढाया बघितल्या, आणि उरलेली काडतुसं सरकारांच्या वडिलांनी एका वाघावर झाडली. वाघाला काही झालं नाही. तेव्हापासून मामा रायफलच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या आणून, कापून, घासून, त्या मापाची काडतुसं हातानं करायचा. गोळी नसलेली, नुसत्या आवाजाची. वर्षाला तीन. अख्ख्या तालुक्यात हे काम करणारा दुसरा माणूस नव्हता, आणि मामाला त्याचा एवढा अभिमान होता की तो त्याबद्दल कधी बोलायचा नाही, फक्त विषय तिथं आणून सोडायचा.

आणि त्या काडतुसांत रवा होता.

मला लगेच सगळा उलगडा झाला. माझ्या बाबतीत हे नेहमी धोक्याचं असतं.

मामाचा मोतीबिंदू. सहा दिवसांपूर्वी त्याचं ऑपरेशन झालं होतं. काडतुसं त्यानं श्रावणातच करून डब्यात ठेवलेली, म्हणजे डोळ्यांपुढं नुसतं धुकं असताना. दुकानाच्या मागंच स्वयंपाकघर. मधे एक सामाईक फळी, तिच्यावर अर्धे डबे दुकानाचे, अर्धे मामीचे. म्हाताऱ्यानं चुकीचा डबा उचलला होता.

मग माझ्या डोक्यात पुढचा विचार आला. रवा जर काडतुसात, तर दारू कुठं?

आतून मामीच्या कढईचा आवाज येत होता. सणाचा शिरा.

मी तीन ढांगांत स्वयंपाकघर गाठलं. "मामी, थांब! गॅस बंद कर!"

मामीनं उलथनं हवेत धरलं. "काय झालं? आंघोळ केल्यास का?"

"त्यो डबा इकडं दे. रव्याचा."

"आत्ताच खायाला मागतोस? निवद व्हायचाय अजून."

मी डबा घेऊन मोरीपाशी गेलो, चिमूटभर रवा काढला, फरशीवर ठेवला आणि हात लांब करून त्याला काडी लावली. डोळे मिटले. काही झालं नाही. दुसरी चिमूट काढली. भाजल्याचा छान वास सुटला. मामी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"असा एकेक चिमूट भाजत बसलास तर शिरा फुडच्या दसऱ्याला हुईल," ती म्हणाली.

"मामी, काडतुसांत रवा निघाला."

मामी वळली आणि शिरा परतू लागली. जरा वेळानं म्हणाली, "किती काडतुसांत?"

"तिन्हीत."

"मग बराबर हाय."

"बराबर कसं? रवा हाय म्हणतोय मी. मामाला सांगू का?"

आता मात्र ती झटकन वळली. "खबरदार! डॉक्टरनं काय सांगितलंय? वाकायचं न्हाई, खोकायचं न्हाई, रागाला यायचं न्हाई. डोळ्यावर ताण आला तर सगळं वाया. डब्यात हायत तशी घेऊन जा आणि दे. उघडाय कुणी सांगितलं व्हतं तुला?"

आतल्या खोलीत मामा काळा चष्मा लावून उताणा पडला होता, छातीवर रेडिओ. त्याला न विचारता मी दारातनं नुसता बघून आलो. एवढा मोठा कारागीर, आणि आपण काडतुसात सांजा भरतोय हे त्याला माहीत नाही. मामीला ते कळलंय आणि ती झाकून घेतेय. मी ठरवलं, मामाची अब्रू मी राखणार. कुणाला काही न कळता तीन खरीखुरी काडतुसं करणार.

अडचण एकच होती. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. दुकानातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजलेली. कानशी, पकडी, हातोड्या, सगळ्यांना हळदकुंकू, बाकाला ठोकलेल्या वाईसला झेंडूची माळ. उत्तरपूजा होईपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही, हा दुकानातला दुसरा नियम. पहिला मी सकाळीच मोडला होता. मी वाईसपुढं हात जोडले, "माफ कर, अडचण आहे," म्हणालो आणि माळ बाजूला सरकवून कामाला लागलो.

दारूच्या कपाटाची किल्ली पंचांगामागं असायची. कामाचं वर्णन करत नाही. तीन वर्षं शिकलो होतो, आणि ते काम मी असं केलं की आजही मला त्याची लाज वाटते, इतकं ते चांगलं झालं होतं. दारू मामाच्या वहीत होती त्या मापानं घेतली. मग वाटलं, मामाच्या अब्रूचा प्रश्न आहे, थोडी वर घालावी. मग वाटलं, माझ्या परवान्याचाही आहे. म्हणून अजून थोडी. वर पुठ्ठ्याची चकती, त्यावर मेण. तीन काडतुसं डब्यात घातली. रवा कागदासकट तिथंच राहिला, ही माझी चूक. ती एकटीच नव्हती, पण तिचा पुढं उपयोग झाला.

जेवून, मामाच्या पाया पडून, स्कूटर काढली. मामा पडल्या पडल्या म्हणाला, "डबा उघडू नगंस. हातात दे आणि गप हुबा ऱ्हा."

"मामा, काय काळजी करू नका," मी म्हणालो.

हिंदोळी सव्वीस किलोमीटर. पोचलो तेव्हा साडेचार झाले होते आणि शिवेच्या धोंड्याभोवती सात-आठशे माणूस जमलं होतं. धोंड्यामागं भैरोबाचं छोटं देऊळ. एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला खालची आळी, तिच्यामागं ताडपत्री घातलेला डीजेचा ट्रक. मधे हलगी घुमत होती.

सरकार अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. जरीचा फेटा, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी माझ्याकडनं पहिलं काडतूस घेतलं, कानाशी नेलं आणि डोळे मिटून हलवलं. हा त्यांचा रिवाज. मामानं मला सांगितलं होतं की सरकार काडतूस कानानं तपासतात, म्हणून पोकळ देऊन चालत नाही.

त्यांनी डोळे उघडले. परत हलवलं.

"केरबा न्हाई आला?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालंय जी, सरकार. मी भाचा."

"यंदा आवाज जरा येगळा येतोय."

"यंदाचा माल ताजा हाय जी," मी म्हणालो. मला ते फार हजरजबाबी वाटलं.

सरकारांनी माझ्याकडं पाहिलं. कसं पाहिलं ते तेव्हा कळलं नाही. चुकीची बस पकडलेल्या माणसाकडं कंडक्टर बघतो ना, तसं. मग त्यांनी तिन्ही काडतुसं पिस्तुलात घातली, बिजागरीवर दुमडलेलं पिस्तूल हळूच मिटवलं आणि पुढं निघाले.

खालच्या आळीचे जोतीराम पाटील सगळ्यात पुढं उभे होते. दांडगे, मिशाळ, हातात लालभडक रुमाल. मला पाहून म्हणाले, "काय पावणं, केरबाचं भाचं न्हवं? उडंल का यंदा?"

"उडणार की. न उडून काय करंल?"

"तेबी खरंच," पाटील म्हणाले, "न उडून सांगतंय कुणाला." आणि त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. मागं वळून ओरडले, "पुसलं रं, आसंच पुसलं! घाम हाय त्यो!"

ते कुणाला सांगत होते ते मला कळलं नाही. मला वाटलं, जळफळाटानं घाम फुटलाय. मान जाता जात नाही, मग काय होणार माणसाचं?

तेवढ्यात एक वडाप जीप धुरळा उडवत आली. आत चौदा माणसं आणि टपावर तीन. पुढच्या सीटवरनं काळा चष्मा लावलेला माझा मामा उतरला. मान एकदम ताठ, कारण वाकायचं नव्हतं. हातात वर्तमानपत्राची पुडी.

"दिन्या," तो म्हणाला, "ह्ये काय हाय?"

"मामा, तुम्ही कशाला आलात? डॉक्टर..."

"मी रागाला आल्यालो न्हाई," मामा दात आवळून, अतिशय गोड आवाजात म्हणाला. "डॉक्टरनं सांगितलंय रागाला यायचं न्हाई, म्हणून मी अजाबात रागाला आल्यालो न्हाई. ह्या पुडीत रवा हाय. मग काडतुसात काय हाय, माज्या राजा?"

"दारू," मी म्हणालो. "मामा, तुम्हाला दिसत नव्हतं, तुमचा डबा चुकला. मी सगळं नीट करून..."

"गाढवा," मामा प्रेमानं म्हणाला. "बैला. दोनदा नापासा. बावीस वर्षं रवा घालतोय मी त्यात."

हलगी जोरात वाजायला लागली होती. सरकार धोंड्यावर चढत होते.

"बावीस वर्षांमागं त्या पिस्तुलाच्या बिजागरीला तडा गेला," मामा माझ्या दंडाला धरून कानात बोलत होता, ओठ हसते ठेवून. "खरं काडतूस सोसायचं न्हाई तिला. सरकारांला सांगितलं असतं तर पिस्तूल पेटीत गेलं असतं आणि मान पाटलाकडं. म्हाताऱ्यानं हाय खाल्ली असती. म्हणून मी रवा भरतो, आणि देवळामागनं भैरू गुरव उखळीचा बार काढतो. लोखंडी उखळी, दारू ठासायची, बत्ती द्यायची. सरकार चाप वढत्यात, तिकडं भैरू बार उडवतो. आजवर कुणाला पत्ता न्हाई. सरकारांलासुद्धा न्हाई."

"आणि आता खरं उडालं तर?"

"किती घातलीस?"

"वहीत आहे तेवढी." मामा जरा सैल झाला. "आणि थोडी वर," मी म्हणालो. "आणि अजून थोडी."

मामानं चष्म्याआड डोळे मिटले असावेत. "मी रागाला आल्यालो न्हाई," तो पुटपुटला.

"माणूस मरंल का, मामा?"

"माणूस न्हाई मरायचा. पिस्तूल मरंल. आठशे लोकांम्होरं. आणि त्याच्यासंगट मान. जा, थांबीव त्यास्नी!"

मी धावलो. माणसं ढकलत, "सरकार, थांबा! सरकार!" असं ओरडत. पण दसऱ्याच्या दिवशी शिवेवर 'सरकार, सरकार' ओरडत धावणाऱ्या तरुणाला कोण अडवणार? लोकांनी वाट करून दिली. दोघातिघांनी माझ्याबरोबर ओरडायला सुरुवात केली. बघता बघता अख्खी वरची आळी "सरकार! सरकार!" गरजू लागली. मानसिंगरावांचे डोळे भरून आले. त्यांनी डावा हात माझ्याकडं बघून हलवला आणि उजव्या हातातलं पिस्तूल आभाळाकडं धरलं.

समोर जोतीराम पाटलांनी लाल रुमालानं कपाळ पुसलं.

आणि काडतूस उडालं.

सांगतो, मी आयुष्यात केलेलं ते सर्वोत्तम काम. असा आवाज त्या शिवेनं शंभर वर्षांत ऐकला नसेल. देवळावरचे पारवे उडाले. ट्रकावरची ताडपत्री हलली. पाटलांच्या हातातला रुमाल खाली पडला. सरकार धोंड्यावर दोन पावलं मागं सरकले, आणि पिस्तुलाची नळी, काडतुसांच्या चाकासकट, उरलेल्या दोन काडतुसांसकट, बिजागरीतून सुटून खाली कुंकवाच्या ताटात पडली. सरकारांच्या हातात, आभाळाकडं रोखलेली, नुसती मूठ राहिली.

आठशे माणसांपैकी एकानंही "एक!" म्हटलं नाही.

मामा चाचपडत माझ्याजवळ पोचला होता. त्या अंतरावरचं त्याला दिसत नव्हतं. "झालं का? पिस्तूल हाय का हातात?"

"हाय. म्हणजे मूठ हाय."

"आणि नळी?"

"ताटात."

"हां," मामा म्हणाला. खाली बसावं असं त्याला फार वाटत होतं, पण वाकायचं नव्हतं.

मी सरकारांकडं बघत होतो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ते मुठीकडं बघत होते, मग ताटाकडं, मग लोकांकडं. एवढा उंच धोंडा, आणि त्यावर एवढासा दिसणारा म्हातारा. ते मी केलं होतं, स्वतःच्या हातानं, पूजेतली हत्यारं उचलून. परवाना गेला तो गेला. ह्या माणसाचं मी काय करून बसलो होतो?

आणि देवळामागून, सावकाश, वात जळायला लागते तेवढा उशीर झालेला उखळीचा बार झाला. धडाम.

"एक!" सगळं गाव ओरडलं.

मी मामाकडं पाहिलं. मामानं माझ्याकडं पाहिल्यासारखं केलं.

आठशे माणसं. आपल्या डोळ्यांसमोर पिस्तुलाचे दोन तुकडे झालेले त्यांनी पाहिले होते. खरा बार कानाशी झालेला त्यांनी ऐकला होता. आणि तो त्यांनी मोजला नव्हता, कारण तो त्यांचा नेहमीचा नव्हता. ते नेहमीच्या बाराची वाट बघत थांबले होते, बसस्टॉपवर आपल्याच बसची बघतात तशी.

जोतीराम पाटलांनी वाकून रुमाल उचलला. झटकला. सरकारांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, आणि सावकाश, सगळ्यांना दिसेल असं, कपाळ पुसलं.

सरकारांनी मूठ आभाळाकडं रोखली. नळी नाही, चाक नाही, काही नाही. चाप ओढला.

देवळामागून धडाम.

"दोन!"

पुढच्या रांगेत एक बाई पोराच्या डोळ्यांवर हात ठेवत होती. पोरगं म्हणत होतं, "आये, पर त्याला नळीच..." आणि बाई म्हणत होती, "गप. बार मोज."

पाटलांनी तिसऱ्यांदा कपाळ पुसलं. तिथं आता घामाचा थेंबही नव्हता.

"तीन! सोनं घ्या, सोनं!"

आपट्याच्या ढिगावर गाव तुटून पडला. पहिलं पान उचललं ते पाटलांनीच. धोंड्याशी जाऊन ते सरकारांच्या हातात ठेवलं, उराउरी भेटले आणि म्हणाले, "यंदा बार झ्याक झाले, सरकार."

"तुमची तब्येत बरी न्हाई का, पाटील?" सरकार म्हणाले. "लई घाम येतोय."

"दसऱ्यालाच येतोय बगा. वर्साचं तीन डाव."

मागं देवळाच्या आडोशातून भैरू गुरव काळंठिक्कर तोंड घेऊन बाहेर आला आणि सोनं लुटायच्या गर्दीत मिसळला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. फार सवयीनं पाहिलं नाही.

मी सोनं द्यायला गेलो. पाया पडलो तेव्हा सरकारांनी मला खांद्याला धरून जवळ ओढलं. डाव्या हातानं ते उजवं मनगट चोळत होते.

"काडतूस तू केलंस?"

"चूक झाली जी, सरकार."

"बावीस वर्सांनी हाताला धक्का बसला रं," ते हळूच म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक होती. "इसरूनच गेलो व्हतो कसा बसतोय त्यो. ब्येस केलंस." मग इकडंतिकडं बघून, "पर आता परत करू नगंस. केरबाचंच बरं. रव्याचं."

"तुम्हाला ठाऊक..."

"मुंग्या लागल्या व्हत्या," सरकार म्हणाले. "दुसऱ्याच वर्सी. पेटी उघडली तर पिस्तुलातनं मुंग्यांची रांग. बंदुकीच्या दारूला मुंग्या कशाला लागतील? मग आमच्या मंडळींनी हळदीकुंकवाला तुज्या मामीजवळ नुसतं सहज बोलून दावलं, की रवा भाजून ठिवला तर मुंग्या लागत न्हाईत म्हणून. तवापास्नं तरास न्हाई." त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. "केरबाला बोलू नगंस. त्याला वाटतंय आमाला म्हाईत न्हाई. मनाला लावून घेईल."

परत येताना मामा स्कूटरवर माझ्या मागं बसला होता, ताठ, देवाच्या मूर्तीसारखा. कुंकवाच्या ताटातली नळी रुमालात गुंडाळून त्याच्या मांडीवर. निम्मा रस्ता सरला. मग म्हणाला, "दिन्या, सरकारांला काय कळलं न्हाई न्हवं?"

"न्हाई मामा. त्यांना वाटलं, माझंच काडतूस कच्चं."

"बरं झालं." त्यानं मांडीवरची नळी सावरली. "गावाला?"

"गाव आकडे मोजण्यात दंग."

"भैरू म्हणत व्हता, देवळाच्या भिंतीतलं धोंडा दिसायचं भोक साताठ वर्सांमागंच गिलाव्यात बुजलं म्हणून. मग त्याला कळतंय कसं रं, कवा बत्ती द्यायची?"

"अंदाजानं देत असंल, मामा."

"कारागीर माणूस हाय," मामा समाधानानं म्हणाला. मग पुढं मैलभर गेल्यावर, "तुज्या अर्जाला फोटो लागंल. चांगला काढून घे, दाढी करून. आणि आजच्यासारकं ब्येस काम परत माज्या दुकानात करायचं न्हाई."

याला अकरा वर्षं झाली. बिजागरी मामानं रिबिट मारून जोडली, पण ती एका बाजूनंच धड दिसते. म्हणून पुढच्या दसऱ्याला खालच्या आळीनं आपली उभी राहायची जागा बदलून घेतली. कारण विचारलं तर म्हणाले, तिकडं ऊन लागतं. देवळामागनं नीट दिसणारी पाटलांची जागा मात्र होती तिथंच आहे.

मामाचे दोन्ही डोळे आता स्वच्छ आहेत. तरी हिंदोळीची काडतुसं मीच करतो, परवान्यावरचं नाव माझं आहे. खरं काडतूस कुणीही करेल. हे अवघड. हलवल्यावर सरकारांच्या कानाला दारूसारखं वाजलं पाहिजे, आणि वाजलं नाही तरी ते वाजलं म्हणतील ह्या भरवशावर हात ढिला सोडता येत नाही.

दर श्रावणात एका सकाळी मी सामाईक फळीपाशी जाऊन उभा राहतो. मामा बाहेर दुकानात असतो, आणि रवा भाजायचा का हे त्याला ठाऊक नाही, म्हणून त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायचं नसतं.

"मामी, रवा."

"शिऱ्याला का हिंदोळीला?"

"हिंदोळीला."

मामी कढई गॅसवर चढवते.